दुसरं कार्ड आणि पाच कुलपं

टण्ण.

घरात इतकी शांतता होती की एवढासा स्क्रू फरशीवर पडला आणि सगळ्यांनी माना वळवल्या. एरवी या घरात कुणाला स्वतःचा आवाजही धड ऐकू येत नसे. फ्रिज घुरघुरायचा, पंखा करकरायचा, सासूबाईंच्या मालिकेत कुणीतरी रडत असायचं आणि हॉलच्या कोपऱ्यात स्वरूपाचा कॉम्प्युटर इमानेइतबारे घोंघावत असायचा. आज सगळंच गप्प होतं. कारण स्वरूपाच्या नवऱ्याने, नवनाथने, दारामागची मेन स्विचची पेटी बंद करून तिला लालभडक कुलूप घातलं होतं. कुलपाला चिठ्ठी लटकत होती : 'काम चालू आहे. नवनाथ.'

"कॉम्प्युटरची पिन काढली असती तरी भागलं असतं," स्वरूपा म्हणाली. सकाळपासून ती हेच म्हणत होती.

"पिन कुणीही परत लावतं," कॉम्प्युटरच्या उघड्या पेटीत डोकं घालून नवनाथ म्हणाला. "कुलूप कुणी उघडत नाही."

"पण फ्रिजनं काय पाप केलंय?"

"कारण विचारून वीज येत नसते, स्वरूपा."

नवनाथ चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता आणि मशीनला हात लावण्याआधी मेनला कुलूप घालायचं, हे त्याच्या अंगात आंघोळीसारखं मुरलं होतं. गेल्या सुरक्षा सप्ताहात त्याला बक्षीस म्हणून एक डबा मिळाला होता. त्यात लाल कुलपं होती, प्रत्येकाची वेगळी किल्ली होती आणि सहा भोकांची एक लाल पकड होती. नियम असा की मशीनवर जेवढी माणसं काम करणार, तेवढ्यांनी या पकडीत आपापलं कुलूप अडकवायचं. काम झालं की ज्याने त्याने आपलं काढायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत वीज सुरू होत नाही. बाकीच्यांनी स्टीलचे डबे आणि चादरी जिंकल्या होत्या. नवनाथ हा डबा छातीशी धरून घरी आला होता.

आज गुरुवार, कंपनीची सुट्टी. आणि स्वरूपाच्या कॉम्प्युटरमध्ये दुसरं ग्राफिक्स कार्ड बसवायचं होतं.

स्वरूपा मशीनच्या चित्रफिती बनवायची. कारखान्यात अजून न उभी राहिलेली मशीन पडद्यावर चालवून दाखवायची. मुलगी विजू झोपली की, सासूबाई देवळात गेल्या की, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे, असं वेळ चोरून चोरून तिने हे काम उभं केलं होतं. महाळुंग्याच्या एका कंपनीला आपल्या नव्या कन्व्हेयर-पट्ट्याची चित्रफीत उद्या सकाळी हवी होती. ती त्यांना आवडली, तर वर्षभराचं काम घरबसल्या मिळणार होतं. नाहीतर एक तारखेपासून हिंजवडीचं ऑफिस. विजूला उठायच्या आधी सोडून जायचं आणि झोपल्यावर परत यायचं. पाळणाघर बघून झालं होतं. स्वच्छ होतं, बाई प्रेमळ होत्या, भिंतीवर हत्ती होता. परतताना स्वरूपा रिक्षात विजूला मांडीवर घट्ट धरून बसली होती.

चित्रफितीतली हजारो चित्रं कॉम्प्युटर एकेक करून रंगवत होता. एका कार्डावर ते काम उद्याची सकाळ उलटेपर्यंत चाललं असतं. दोन कार्डं जुंपली, तर आज रात्रीच संपलं असतं. म्हणून सकाळी तिने काम थांबवून कॉम्प्युटर नवनाथच्या हवाली केला होता. तासाभराचा तर प्रश्न होता.

नवनाथने कार्ड बसवलं, हात पुसले, कुलूप काढलं, मेन चालू केला. फ्रिज खोकून उठला. पहिल्या कार्डाचे पंखे भिरभिरले. दुसऱ्या कार्डाचे जागचे हलले नाहीत. पडद्यावरच्या यादीतही एकच नाव.

"बंद करा," नवनाथ डॉक्टरसारखा म्हणाला आणि परत कुलूप लावून आला.

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले रोहिदास डोकावले. तळवड्यातलं जुनं घराणं. शेतावर इमारती झाल्या आणि हे भोसरीला डाय, म्हणजे साचे, बनवायच्या कारखान्यात लागले.

"नवनाथराव, लाइट गेली काय तुमची? आमची तर हाय."

"गेली नाही, घालवलीय," स्वरूपा म्हणाली.

रोहिदासांनी कुलूप पाहिलं, चिठ्ठी वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. "आरं वा! येकदम कंपनीवानी! काय प्रॉब्लेम हाय?"

"दुसरं कार्ड घेत नाही."

"मग कारणामागचं कारण शोधू की." ते बाह्या सरसावून पुढे आले. नवनाथने हात आडवा घातला.

"थांबा. आधी कुलूप."

"व्हय व्हय, चुकलंच." आणि रोहिदासांनी देवापुढे चप्पल काढावी तितक्या सहज पकडीत स्वतःचं कुलूप अडकवलं.

दोघं मोठ्या पद्धतशीरपणे कामाला लागले. स्वरूपा मधेच हात घालून कार्ड धरत होती, स्क्रू काढून देत होती. हे मात्र स्वरूपाला मनापासून कबूल होतं, की कारखान्यातली माणसं मशीनवर कधी चिडत नाहीत. तिच्या जुन्या ऑफिसात कॉम्प्युटर अडला की लोक त्याला चापट्या मारत. हे दोघं आजारी माणसाशी बोलावं तसं त्याच्याशी बोलत होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग चालवून बघायचं. नवं कार्ड पहिल्या खाचेत घातलं. दोघांनी आपापली कुलपं काढली, मेन लागला, कार्ड मस्त चाललं. म्हणजे कार्ड चांगलं. कुलपं लागली. जुनं कार्ड दुसऱ्या खाचेत घातलं; कुलपं निघाली, मेन लागला, ते तिथे मेलं. कुलपं लागली.

"मंजी दोष खाचंत," रोहिदास म्हणाले.

"म्हणजे मदरबोर्डच बदलायचा?" स्वरूपा मनातल्या मनात पैसे मोजू लागली.

"घाई नको," दोघं एका सुरात म्हणाले.

या सगळ्यात सासूबाईंनी, म्हणजे मंजुळाबाईंनी, स्वतःची पद्धत बसवली होती. मिक्सरच्या भांड्यात शेंगदाणे, लसूण आणि तिखट भरून त्या बटणावर बोट ठेवून उभ्या राहत. मेन लागला रे लागला की घर्रर्र. 'बंद करा' म्हटलं की चूप. चटणी हप्त्याहप्त्याने बारीक होत होती.

"लातूरला लोडशेडिंग व्हतं तवा बी असंच करायचो," त्या खूश होत्या. "नाथा, अजून येकदा लाव की रे. लसूण ऱ्हायलाय."

"आई, हा खेळ नाहीये. इकडे ये, बॅटरी धर जरा."

मंजुळाबाईंनी बॅटरी धरली. नवनाथ त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग त्याने डब्यातून तिसरं कुलूप काढलं.

"मला कशाला रं?"

"तुझा हात पेटीपाशी आहे. नियम म्हणजे नियम."

त्यांनी कुलूप लावलं, किल्ली पदराच्या गाठीत बांधली आणि तेव्हापासून त्यांचा आवाजच बदलला. पुढच्या खेपेला सगळे कुलूप लावायला गेले तेव्हा त्या मिक्सरपाशी ठाम उभ्या राहिल्या. "माझी चटणी झाल्याबिगर मी कुलूप लावणार न्हाई. आन माझं लागल्याबिगर तुमाला हात लावता येणार न्हाई. तूच सांगितलायस." त्यामुळे एक मेंटेनन्सवाला आणि एक डायवाला चटणी होईपर्यंत हाताची घडी घालून उभे राहिले. रोहिदासांनी चव घेऊन मीठ कमी असल्याचं सांगितलं.

चार वर्षांची विजू हे सगळं डोळे विस्फारून बघत होती. वाटीत स्क्रू सांभाळायचं काम तिच्याकडे होतं.

"बाबा, मी पण काम करते ना?"

"करतेस की."

"मग मला कुलूप?"

स्वरूपाला वाटलं, आता तो हसेल आणि विषय बदलेल. पण नवनाथ गुडघ्यावर बसला, चौथं कुलूप तिच्या हातात दिलं आणि किल्ली दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात घातली. "हे फक्त तूच उघडायचं. मी म्हटलं, आज्जी म्हणाली, कुणीही म्हटलं, तरी तुझं काम झाल्याशिवाय काढायचं नाही." पोरगी एकदम उंच झाल्यासारखी वाटली.

दुपार कलली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या धम्मरत्नला बोलावणं गेलं. तो महाळुंग्याच्या गोदामात सेकंड शिफ्टला होता. त्या गोदामाला गुरुवारची सुट्टी माहीत नव्हती. धम्मरत्नने घरचा कॉम्प्युटर स्वतः जोडला होता आणि बायको झोपली की त्यावर तो गाड्यांच्या शर्यती खेळायचा. युनिफॉर्म घालून, डबा हातात घेऊनच तो आला.

"बस यायला वेळ आहे दादा. बघतो." पाचवं कुलूप लागलं. त्याने खाच पाहिली, बॅटरीच्या उजेडात भिंग लावून पाहिली. "खाच तर नव्यासारखी आहे, वहिनी. सेटिंगमध्ये बंद असेल. चालू करून बघू."

पाच कुलपं निघाली. सेटिंग बघितलं. चालू होतं. पाच कुलपं परत लागली.

"मग पॉवर सप्लाय कमी पडत असेल..." धम्मरत्न म्हणाला आणि खालून हॉर्न वाजला. "अरे, बस!" डबा उचलून तो जिने उतरत सुटला.

बसने कोपरा ओलांडल्यावर नवनाथने पकडीकडे पाहिलं. स्वरूपाने नवनाथकडे पाहिलं. पाचव्या कुलपावर नवनाथच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं : 'धम्मरत्न.'

"किल्ली?" स्वरूपाने विचारलं.

"त्याच्या खिशात."

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला तर बंद. गोदामाच्या गेटवर फोन जमा करावा लागतो, हे सगळ्यांना एकदमच आठवलं.

आता दुसरं कार्ड राहिलं बाजूला, पहिलंही बंद होतं. कॉम्प्युटर बंद, घर बंद. खिडकीतलं ऊन भिंतीवरून खाली सरकत होतं आणि त्याबरोबर स्वरूपाचं वर्षभराचं काम. आणखी थोडा वेळ गेला असता, तर दोन कार्डांनीही सकाळ गाठली नसती.

"हॅक्सॉ ब्लेड हाय माज्याकडं," रोहिदास हळूच म्हणाले. "दोन मिन्टाचं काम."

"कापायचं नाही," नवनाथ म्हणाला.

"अहो, तो माणूस बसमध्ये बसून गेला!" स्वरूपाचा आवाज चढला. "त्याचे हात आपल्या कॉम्प्युटरमध्ये नाहीत. दिसतंय ना डोळ्यांना?"

"आज दिसतंय. उद्या कुणाला तरी नुसतं वाटेल, की दिसतंय."

"उद्या सकाळी मला चित्रफीत द्यायचीय! नाहीतर मी हिंजवडीला आणि ही पाळणाघरात. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय," तो म्हणाला. त्याने गाडीची चावी घेतली, हेल्मेट घातलं. "म्हणून तर चाललोय."

तो गेला. स्वरूपाला दार आपटायचं होतं, पण ते तिने नुसतं लोटलं. कारण तिला एक गोष्ट माहीत होती, जी नवनाथने फक्त एकदाच सांगितली होती. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी तो पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये खांद्यापर्यंत हात घालून काम करत होता आणि बाहेर पुढच्या शिफ्टचा कुणीतरी येऊन मेन ओढायला लागला. कुलूप होतं म्हणून मेन उठला नाही. कुणीतरी दोन-तीनदा केलेली ती नुसती खटखट नवनाथने आतून ऐकली होती. पुढे विजू झाली, नर्सने तिला त्याच्या ओंजळीत ठेवलं. अशा वेळी सगळे बाप बाळाची बोटं मोजतात. हा स्वतःची बोटं बघत बसला होता.

"असाच हाय त्यो," मंजुळाबाई अंधारलेल्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "शाळंत बी मास्तर यायच्या आदी घंटीला हात लावू देईना कुणाला. लई मार खाल्लाय पोरांचा."

"आणि तरी?"

"तरी बी न्हाई लावू दिला."

स्वरूपाला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. काही तरी करायला हवं म्हणून ती मोबाइलची बॅटरी लावून कॉम्प्युटरपाशी बसली. आतमध्ये काय सुंदर काम होतं! मागच्या दिवाळीत नवनाथने तिच्या कॉम्प्युटरची साफसफाई केली होती. सगळ्या वायरी एका ओळीत, वळणाला वळण जुळवून, काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेल्या. वेणी घातल्यासारख्या. तिने कौतुकाने त्या वेणीवरून बोट फिरवत नेलं. पहिल्या कार्डाला वीज देणारी वायर सैलसर होती. दुसऱ्या खाचेपाशी येणारी मात्र इतकी ताणलेली की तिच्यावर कपडे वाळत घालता आले असते. टोकाचा प्लग कार्डात बसल्यासारखा दिसत होता, पण तिने नखाने चाचपलं तेव्हा खाली केसभर फट लागली. या खाचेत कुठलंही कार्ड बसवलं, तरी त्याला लावायचा हा प्लग असाच अर्धवट राहत होता. पट्टी त्याला मागे ओढत होती.

भाजीच्या कात्रीने तिने पट्टी कापली. वायरीने सुस्कारा टाकावा तशी ती सैल झाली. प्लग आत दाबला.

टक्.

"काय मोडलं, वहिनी?" रोहिदासांनी विचारलं.

"मोडलं नाही, जुळलं," ती म्हणाली.

नवनाथ परत आला तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती, इतरांच्या घरी. इंद्रायणीच्या पुलावर कंटेनरची रांग होती, शर्ट धुळीने पांढरा झाला होता. आणि त्याच्या मागे, गोदामाची टोपी अन् सेफ्टी शूज घातलेला, चक्क धम्मरत्न उभा होता.

"अहो, किल्ली आणायची होती!" स्वरूपा थक्क झाली. "माणूस कशाला?"

"ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं," नवनाथ म्हणाला, जणू ती पहिलीतला धडा विसरली होती.

"वहिनी, काय सांगू," धम्मरत्न धापा टाकत म्हणाला. "मला वाटलं, आता सुपरवायझर झापणार. दादांनी गेटवर नुसतं सांगितलं, याचं कुलूप मेनवर राहिलंय. आमचा सुपरवायझर, जो आईच्या आजारपणाला सुट्टी देताना आईचा फोटो मागतो, तो स्वतः पळत आला. म्हणाला, आधी जा, कुलूप काढ, मग ये. वर मलाच शिव्या, की लोकांचा जीव टांगणीला लावून शिफ्टला येतोस!"

"जीव न्हवता टांगणीला," रोहिदास म्हणाले. "चटणी व्हती."

सगळे दारामागच्या पेटीपाशी गोळा झाले. धम्मरत्नने आपलं कुलूप काढलं. रोहिदासांनी काढलं. मंजुळाबाईंनी पदराची गाठ सोडून काढलं. नवनाथने काढलं. राहिलं एकच. विजू स्टुलावर चढली. गळ्यातली किल्ली दोऱ्यासकट पुढे ओढली, कुलपात घातली, उलटी फिरवली, परत काढली. धम्मरत्नची परतीची घाई होती, स्वरूपाची सकाळ जवळ येत होती. पण त्या अंधाऱ्या कोपऱ्यात चार मोठी माणसं तिला मोबाइलचा उजेड दाखवत श्वास रोखून उभी होती आणि कुणीही 'दे इकडे' म्हटलं नाही. स्वरूपाने ते चेहरे नीट बघून ठेवले.

कुलूप उघडलं. मेन लागला. फ्रिज खोकला, पंखा करकरला, मालिकेतली बाई दुपारी जिथे थांबली होती तिथूनच जणू रडायला लागली. कॉम्प्युटरमध्ये पहिल्या कार्डाचे पंखे फिरले. क्षणभर थांबून, लाजत लाजत, दुसऱ्याचेही. यादीत दोन नावं आली. स्वरूपाने काम सुरू केलं आणि कन्व्हेयरची चित्रं भराभर उमटू लागली. पडद्याच्या कोपऱ्यात अंदाज आला : पहाटे साडेपाच.

"झालं!" धम्मरत्नने टाळी वाजवली. "काय होतं पण?"

"प्लग पुरता बसत नव्हता," स्वरूपा म्हणाली. "वायर पट्टीने फार आवळली होती. फार सुंदर आवळली होती."

नवनाथने कापलेली पट्टी उचलून निरखली. कान लाल झाले. "माझीच?"

"तुमचीच. पण वायरी अशा कुणालाच लावता येणार नाहीत, हेही तितकंच खरं."

रोहिदास इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मंजुळाबाईंनी सगळ्यांच्या हातावर भाकरी आणि चटणी ठेवली. धम्मरत्न एक घास तोंडात, एक हातात घेऊन पुन्हा गाडीवर बसायला निघाला. नवनाथ हेल्मेट घालता घालता थबकला.

"पण मी निघेपर्यंत तर कार्ड बंदच होतं. तू प्लग बसवलास कधी?"

"तुम्ही गेल्यावर."

"हात घातलास? पेटीत?"

"सकाळपासून घालतेय. तुम्हाला स्क्रू कोण काढून देत होतं? कार्ड कोण धरत होतं?"

नवनाथने हेल्मेटची काच उगीचच वर केली, खाली केली.

जमिनीवर विजूने कुलपं ओळीने मांडली होती. लाल पकड मधे ठेवून एकेका भोकावर ती बोट ठेवत होती. "हे बाबाचं. हे रोहिदासकाकांचं. हे आज्जीचं. हे माझं. हे धम्माकाकाचं." बोट सहाव्या भोकावर आलं आणि थांबलं. तिने डब्यात पाहिलं. सहावं कुलूप तिथेच होतं, प्लास्टिकच्या पिशवीतून अजून न काढलेलं. ते हातात घेऊन तिने मान वर केली.

"आई, तुझं का नाही लावलं?"